पडद्याआडून साक्ष घेतल्याने आरोपीवर अन्याय होतो का?

पारवा :
लहान मुलं, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती, मूकबधिर किंवा मानसिक आजार असलेले साक्षीदार यांना आरोपीच्या तोंडासमोर उभं करू नये, हे आपल्याकडे आता तत्त्व म्हणून मान्य झालं आहे. 'साक्षी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पडदा लावायला सांगितलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, ते कलम ३६ म्हणून आलं. २०१८ मध्ये महेंदर चावला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळं केंद्र उभारण्याचा आदेश झाला, आणि २०२२ मध्ये 'असुरक्षित साक्षीदार' कोण याची व्याख्याही न्यायालयाने रुंद केली.

तरीही 'यामुळे बचाव लुळा पडतो' हे पालुपद थांबत नाही. मला ते अजिबात पटत नाही. कलम ३६ मध्येच लिहिलंय की आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे आणि स्वतःच्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे. मग त्याचं गेलं काय? समोरून डोळे वटारून मुलाची वाचा बंद करणं एवढंच गेलं, आणि तो कोणाचाही हक्क नव्हता.

उंबरठा :
मी बचाव पक्षाची कामं चालवते. पडद्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप पॉक्सोच्या कलम ३३(२) वर आहे. वकिलाने प्रश्न न्यायाधीशांना सांगायचा आणि तो मुलाला त्यांनी विचारायचा. उलटतपासणी अशी चालत नाही. एका उत्तरातला अडखळा पकडून लगेच पुढचा प्रश्न टाकावा लागतो. तो न्यायाधीशांकडून फिरून, सौम्य होऊन जाईपर्यंत साक्षीदार सावरलेला असतो.

आणि हे कोणत्या कायद्यात? जिथे कलम २९ नुसार गंभीर गुन्ह्यांत न्यायालय आधी आरोपीने गुन्हा केला असंच गृहीत धरतं, आणि खोडून काढायचं ओझं त्याच्यावर टाकतं. सतरा वर्षांची मुलगी मर्जीने एकोणीस वर्षांच्या मुलासोबत निघून गेली, घरच्यांनी फिर्याद दिली. तिची संमती कायदा धरतच नाही. पण घरच्यांच्या दबावाखाली तिने 'जबरदस्ती केली' म्हटलं, तर ते खोटं आहे हे दाखवायला उलटतपासणीशिवाय त्या पोराच्या हातात काय आहे? जामीन नाही, वकील विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला. अशा वेळी 'आरोपीचं गेलं काय' हा प्रश्न मला फार निर्दय वाटतो.

निशिगंध :
अमेरिकेत यावर दोनदा निकाल झाले. १९८८ मध्ये आयोवातल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडदा घटनाबाह्य ठरवला. दोनच वर्षांनी मेरीलँडच्या खटल्यात क्लोज सर्किट टीव्हीवरून मुलाची साक्ष चालेल म्हटलं, पण अट घातली : या मुलाला या आरोपीसमोर खरोखर इजा होईल, असं न्यायाधीशांनी त्या खटल्यापुरतं तपासून ठरवायचं. सरसकट नाही. मला हे जास्त न्याय्य वाटतं.

पारवा :
निशिगंध, तिथे ज्यूरी असते. पडदा पाहून 'हा गुन्हेगारच असणार' असं बारा सामान्य माणसांच्या मनात बसेल ही भीती तिथे खरी आहे. आपल्याकडे निकाल न्यायाधीश देतात. शिवाय इजा होईल हे ठरवायला आधी मुलालाच तपासणार का?

उंबरठा, उलटतपासणीतले प्रश्न कसे असतात ते तुम्हीही जाणता. 'आईने शिकवलं म्हणून तू हे सांगतेस असं म्हणणं खोटं आहे, हे बरोबर नाही ना?' आठ वर्षांच्या मुलीने यावर 'हो' म्हटलं तर त्याचा अर्थ काय लावायचा? मोठा माणूसही गोंधळेल. तरी ते 'हो' नोंदीत जातं आणि युक्तिवादात विसंगती म्हणून वाचून दाखवलं जातं. यातून सत्य बाहेर येत नाही. न्यायाधीशांनी तोच प्रश्न सरळ करून विचारला तर बचावाचं काही बिघडत नाही. लगेच पुढचा प्रश्न विचारायलाही ३३(२) मध्ये कुठे मनाई नाही; तो लेखीच द्यावा असंही त्यात म्हटलेलं नाही.

गोरखचिंच :
मी अशा मुलांसोबत सहाय्यक व्यक्ती म्हणून, म्हणजे खटल्यात त्यांना आधार द्यायला, न्यायालयात जाते. तुम्ही दोघं आतल्या खोलीबद्दल बोलताय. मूल घाबरतं ते बाहेर. फाटक एकच, जिना एकच. आम्ही बाकावर बसलेलो असतो आणि समोरच्या भिंतीला टेकून आरोपीची आई आणि काका उभे असतात. कोणी धमकी देत नाही, नुसते बघत राहतात. मूल माझी ओढणी मुठीत धरून बसतं. पुकारा होतो, आत जावं तर कळतं की आज वकील साहेब आलेले नाहीत, पुढची तारीख. कलम ३५ म्हणतं, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवा. नोंदवली जाते तेव्हा मूल दुसऱ्याच शाळेत गेलेलं असतं, दाताला पट्ट्या आलेल्या असतात, आणि त्या दिवशी अंगात कोणता फ्रॉक होता यावर त्याला अडवलं जातं. आतला पडदा तोवर काय कामाचा?

उंबरठा :
गोरखचिंच, या उशिराचा फटका माझ्या अशिलालाही बसतो. तोही आत सडत असतो. साक्षीदारासाठी वेगळं दार हवं, वेगळी बसायची खोली हवी, यावर आपलं भांडण नाहीच.

पण एक मागणी मी सोडणार नाही. कलम ३७ नुसार साक्षीच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असते. साक्ष व्हिडिओवरून होते तेव्हा मला फक्त मुलाचा चेहरा दिसतो. शेजारी बसलेला माणूस मान हलवतोय का, हे कळत नाही. कॅमेऱ्यात पूर्ण खोली दिसली पाहिजे आणि ते चित्रीकरण अपिलापर्यंत जपलं पाहिजे.

पारवा :
पूर्ण खोली दाखवा, मला मान्य. मग पुढचं पाऊलही टाका : इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्यात लहान साक्षीदाराची उलटतपासणीसुद्धा खटला उभा राहण्याआधीच चित्रित करून ठेवायची तरतूद आहे. तसं केलं तर मूल एकदाच येईल आणि त्याच्या आठवणीही ताज्या असतील.

उंबरठा :
नाही. न्यायवैद्यक अहवाल पुष्कळदा दोषारोपपत्रानंतर येतो. त्यात काही वेगळं निघालं, तर मुलाला पुन्हा बोलवायला कलम ३३(५) आडवं येतं, कारण मुलाला वारंवार बोलवू नये असं ते सांगतं. सगळी कागदपत्रं हाती येण्याआधी उलटतपासणी उरकायला मी कधीच तयार होणार नाही.