लाल मातीवर पांढरी स्लिप (पातळ कालवलेल्या मातीचा थर) टिकत नाही, १५०० च्या आत काय घेऊ?

मृण्मयी_डोंबिवली: टेराकोटाच्या छोट्या कुंड्या करतेय. वर पांढरा थर, तो कोरून खालचा लाल दिसेल असं डिझाइन हवंय, जमल्यास थोडा निळा. भट्टी भाड्याची, १००० डिग्रीपर्यंतच. नुसती चायना क्ले (पांढरी माती) कालवून लावली तर भाजल्यावर खपल्या, उरलेल्यावर बोट फिरवलं की पावडर. रेडीमेड घेऊ की घरी करू? बजेट १५००.

चाकधारी: डोळे मिटून इंपोर्टेड अंडरग्लेझ, म्हणजे भट्टीत भाजायचे रेडीमेड रंग, घ्या. माझा सेट साडेआठ हजाराला पडला पण रंग बघाल तर वेडे व्हाल.

मृण्मयी_डोंबिवली: दादा, १५०० 🙏

सुलभाकाकू: अगं भाजून झाल्यावर ॲक्रेलिक मार, वर वॉर्निश. कशाला ती भट्टीची कटकट.

राख_आणि_राळ: काकू, कुंडीत ओल आतून झिरपते, ॲक्रेलिक फुगून सुटतं.

सुलभाकाकू: माझ्या दोन पावसाळे टिकल्यात. आत प्लास्टिकची कुंडी ठेवते मी.

राख_आणि_राळ: 😐 असो. मृण्मयी, भांडं पार वाळल्यावर लावलीस ना? ते आकसून झालेलं असतं, ओली स्लिप मग एकटीच आकसते आणि सुटते. लेदर हार्ड असताना लाव, म्हणजे नख टेकवलं तर खूण उठते पण भांडं वाकत नाही तेव्हा. आणि नुसती चायना क्ले १००० ला पक्की होतच नाही, म्हणून पावडर. त्यात बॉल क्ले (चिकट, बारीक माती) आणि थोडी फ्रिट (भट्टीत वितळून माती धरून ठेवणारी काचेची पूड) घाल, ८० नंबरच्या चाळणीतून गाळ, दह्याइतकी दाट ठेव, दोन-तीन हात दे नाहीतर लाल डोकावतो. निळ्यासाठी त्याच पांढऱ्यात कोबाल्ट कार्बोनेट १-२ टक्के पुरे, लाल मातीत घातलंस तर काळपट येईल. कोरडी पावडर हाताळताना मास्क लाव. किलो-किलोने घेतलंस तर बजेटात बसतं.

गणूभक्त: शाडू चालेल का? तसाही यंदा शाडूचा भाव काय झालाय बघितलात का

चाकधारी: पेणला विचारा, मूर्तीवाले रडतायत.

राख_आणि_राळ: मूर्तीचा वेगळा धागा काढा बाबांनो.

कच्छी_जावई: आमच्या सासरकडे, खावड्याला, पुरुष भांडी घडवतात आणि बायका गेरूचा हात देऊन वर पांढऱ्या-काळ्या मातीने नक्षी काढतात. फ्रिट नाही, बिट नाही. उगाच केमिकलच्या मागे लागू नका.

राख_आणि_राळ: तिथली माती तिथल्या नक्षीला जुळते. हिची कुठली आहे माहितीये का तुम्हाला?

पणतीवाली: मीही हेच सांगणार होते, लेदर हार्डवरच लावा. आणि गाळून घ्या.

मृण्मयी_डोंबिवली: सगळ्यांना थँक्यू. मी उलटंच करायचं ठरवलंय. पांढऱ्या मातीची एक गोणी आणते, कुंड्या तिच्याच, आणि आहे ती लाल माती पातळ करून वर लावून कोरते. निळा कॅन्सल. घरातच ठेवायच्यात, थोड्या कच्च्या राहिल्या तरी चालतील.

राख_आणि_राळ: तिथेही दोन्हींचं आकसणं जुळायला हवं. आधी टेस्ट टाइल, म्हणजे त्याच मातीचा छोटा नमुना, भाज.

मृण्मयी_डोंबिवली: थेट कुंड्याच भाजते, शनिवारी भट्टी बुक आहे.

चाकधारी: माझ्या सेटमधला निळा थोडा देऊ का? ठाण्यालाच असतो मी.