माइक इव्हान्सला टँपा बेने पुन्हा करारबद्ध करावे का?

चर्चाप्रस्ताव

अमेरिकन फुटबॉलमधील टँपा बे बकॅनियर्स या संघाचा रिसीव्हर (सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) माइक इव्हान्स याच्याशी २०२४ मध्ये झालेला दोन वर्षांचा, ५.२ कोटी डॉलरचा करार २०२५ च्या हंगामाबरोबर संपत आहे आणि ऑगस्ट २०२६ मध्ये तो ३३ वर्षांचा होईल. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर निवड झाल्यापासून तो याच संघाकडून खेळत आला असून, पदार्पणापासून सलग ११ हंगाम त्याने झेललेल्या चेंडूंवर प्रत्येकी हजाराहून अधिक यार्ड अंतर मिळवले. सलग ११ हंगामांची अशी कामगिरी त्याच्याआधी केवळ सॅन फ्रान्सिस्कोचा विख्यात रिसीव्हर जेरी राइस याने केली होती. २०२५ मध्ये मात्र आधी त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावली, नंतर डेट्रॉइटविरुद्ध त्याचे कॉलरबोन मोडले आणि अवघ्या ३६८ यार्डांवर त्याचा हंगाम संपला.

तरीही संघाने त्याला एका वर्षासाठी ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. हाड मोडणे हा अपघात आहे. त्यावरून वयाचा हिशेब मांडता येत नाही. डिसेंबरमध्ये पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात त्याने अटलांटाविरुद्ध १३२ यार्ड मिळवले, हे कौशल्य ओसरलेल्या खेळाडूला जमत नाही.

प्रतिसाद

आपल्या भावनेचा आदर आहे, पण आपण कॉलरबोनविषयी बोलता आणि हॅमस्ट्रिंग एका वाक्यात आटोपता. तीच दुखापत त्याला २०२४ मध्येही झाली होती आणि त्यामुळे तो काही सामन्यांना मुकला होता. तिशी ओलांडलेल्या रिसीव्हरच्या बाबतीत चिंता करायची ती याच स्नायूची.

शिवाय २०२५ च्या हंगामात संघाने पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकले, तेव्हा इव्हान्स बराच काळ मैदानाबाहेर होता. पुढे संघ ढासळून ८ विजय आणि ९ पराभवांवर थांबला, आणि तो परतल्यानंतरही ती घसरण थांबली नाही. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये १९ वी निवड खर्चून एमेका एग्बुका या रिसीव्हरला आणले आहे, दुसरा रिसीव्हर ख्रिस गॉडविन याला तीन वर्षांसाठी ६.६ कोटी डॉलरचा करार दिला आहे. संघाच्या एकूण वेतनखर्चाची मर्यादा ठरलेली असताना त्याच जागेवर आणखी किती पैसा ओतायचा? सॅन फ्रान्सिस्कोने २००१ मध्ये खुद्द जेरी राइसला सोडले आणि दुसरा रिसीव्हर टेरेल ओवेन्स याच्या बळावर त्या हंगामात १२ सामने जिंकले.

प्रतिसाद

राइसचे उदाहरण अर्धेच सांगितले आहे. तो ओकलंडला गेला आणि २००२ मध्ये, वयाच्या चाळिशीत, १,२११ यार्ड मिळवून संघासह सुपर बोल या विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. तो अंतिम सामना त्यांनी टँपा बेकडूनच गमावला, हा भाग वेगळा. मुख्य फरक असा, की ओवेन्स तोपर्यंत सिद्ध झालेला खेळाडू होता, तर एग्बुकाचा एकच हंगाम झाला आहे, आणि गॉडविनला २०२४ मध्ये घोट्याची गंभीर दुखापत झाली होती. अशा दोघांवर विसंबून तिसरा भरवशाचा माणूस सोडणे मला धोक्याचे वाटते. अॅरिझोनाने आपला रिसीव्हर लॅरी फिट्झजेराल्ड याला सोडले नाही, आणि ३२ ते ३४ या वयात त्याने सलग तीनदा हजार यार्ड ओलांडले.

प्रतिसाद

फिट्झजेराल्डला ते साधले, कारण उतारवयात त्याला मैदानाच्या आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये खेळवले जाऊ लागले. तिथे नुसत्या वेगापेक्षा अचूक वळणे आणि जागा हेरण्याची नजर अधिक कामी येते. इव्हान्सचा सारा खेळ बाहेरच्या कडेला, बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू ओढून घेण्याचा आहे. साडेसहा फुटांच्या आसपासची उंची म्हातारी होत नाही हे खरे, पण त्या चेंडूपर्यंत धावणारे पाय होतात. त्याला आत आणावे म्हटले, तर तिथे गॉडविन आणि एग्बुका आधीच आहेत.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

स्लॉटचा मुद्दा मला मान्य आहे आणि या चर्चेतला तोच सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण त्यामुळे माझा निष्कर्ष बदलत नाही. त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे, एवढेच बदलते. त्याला प्रत्येक चालीत पळवण्याची गरज नाही. गोलरेषेजवळच्या चाली आणि तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसरी) यांपुरता तो राखून ठेवावा, कारण मैदान आखूड झाले की वेगाचे महत्त्व घटते आणि उंचीचे वाढते. कारकिर्दीत शंभराहून अधिक टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) मिळवलेला माणूस तिथे संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, बेकर मेफील्ड याला हवाच आहे.

मूळ वेतन कमी ठेवून उरलेली रक्कम खेळलेल्या सामन्यांवर आणि टचडाउनवर अवलंबून ठेवली, तर दुखापतीचा धोका संघाला एकट्याने पेलावा लागणार नाही. सोडून दिल्यास काय होते तेही पाहा: २०१४ मध्ये कॅरोलायनाने आपला रिसीव्हर स्टीव्ह स्मिथ याला सोडले. त्याच हंगामात बाल्टिमोरकडून त्याने त्यांच्याविरुद्ध दोन टचडाउन केले आणि वर्षभरात हजार यार्डही ओलांडले. मात्र इव्हान्सने अनेक वर्षांची हमी मागितली, तर त्याला जाऊ द्यावे, याबाबत माझे आपल्याशी दुमत नाही.

प्रतिसाद

अशा अटींवर मीही विरोध करणार नाही. पण दुसऱ्या एखाद्या संघाने दोन वर्षांची हमी देऊ केली, तर अकरा वेळा हजार यार्ड ओलांडलेला खेळाडू एका वर्षाच्या अंशकालीन भूमिकेसाठी टँपात का थांबेल, हे आपण सांगितलेले नाही.