मुंबईच्या ज्युनियर केजीत 'ऑटम' शिकवायचा का?

खिडकीशेजारची

गेल्या आठवड्यात लेकीची वही घरी आली. ती साडेचार वर्षांची आहे, ज्युनियर केजीत. वहीत एक वर्कशीट होतं. झाडाचं चित्र आणि खाली वाक्य, ऑटममध्ये पानं कुठल्या रंगाची होतात? रंग भरा. लेकीनं झाड हिरवं रंगवलं होतं, तेही दोन हिरवे खडू एकावर एक घासून, कारण आमच्या खिडकीबाहेरचा बदाम पावसाळ्यानंतर तसाच गडद दिसतो. त्या हिरव्याभोवती लाल पेनाचा गोल होता, शेजारी 'ऑरेंज' लिहिलेलं. बाकीच्या पानांवर स्टार आहेत, या पानावर नाही. तिनं मला विचारलं, "आई, आपलं झाड चुकलं का?"

त्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

त्या आठवड्याची 'फॉल थीम' (फॉल म्हणजे ऑटमच) अशी होती: कार्डशीटचं मेपलचं पान, कापसाची खार आणि तिच्या हातात ओकचं फळ, नारिंगी भोपळ्याचा मुखवटा, आणि शुक्रवारी स्कार्फ घालून यायचं. शुक्रवारी मुंबईत पारा ३५ च्या वर होता. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मान्सून मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. लेक घरी आली तेव्हा मानेवर घामोळं उठलं होतं.

टीचरबद्दल तक्रार नाही. बत्तीस मुलं, एक टीचर, एक मावशी, आणि वर्कशीटचा गठ्ठा जूनमध्येच छापून आलेला. माझं म्हणणं एवढंच आहे की या वयात मूल जे डोळ्यांनी बघतं त्यावरून विचार करायला शिकतं. तिनं खिडकीतून बघितलं, नीट बघितलं, आणि त्यालाच चूक म्हटलं गेलं. ऑक्टोबरमध्ये मुंबईत शिकवण्यासारखं काही नसतं का? मला वाटतं भरपूर असतं, आणि ते सोडून आपण दुसऱ्या गावचा ऋतू मुलांकडून पाठ करून घेतोय. तुम्हाला काय वाटतं?

मोठाशिशूच्या बाई

ताई, मी चौदा वर्षं पूर्व-प्राथमिकला शिकवते, म्हणून दुसरी बाजू मांडते. लाल पेनाचा गोल चूकच होता, तो मी मारला नसता. पण थीमबद्दल असहमत.

ते मेपलचं पान ऋतूसाठी कमी आणि बोटांसाठी जास्त असतं. त्याच्या कडेला सात-आठ कोन असतात, मुलाला कात्री थांबवून कागद फिरवावा लागतो. आंब्याच्या पानात ते होत नाही, सरळ कापलं जातं. नारिंगी, पिवळा, तपकिरी या छटा लावायला मिळतात, वर्गीकरण होतं. भोपळ्याच्या बिया मोजणं म्हणजे एकास एक संगती, एका बीला एकच आकडा, आणि पुढचं सगळं गणित त्यावर उभं राहतं. ऑटम हे निमित्त. उद्या तुम्ही 'समुद्र' म्हणालात तरी मी तेच करून घेईन.

आणि जागेचं काय? आमचा वर्ग एका सोसायटीच्या तळमजल्यावर आहे, दोन फ्लॅट जोडून केलेला. अंगण नाही. बाहेर पाऊल टाकलं की रिक्षा. तीस मुलांना पान गोळा करायला रस्त्यावर नेण्याची जबाबदारी कोण घेणार? पालकच आधी फोन करतील. कागदाचं पान वर्गात येतं, सुरक्षित असतं, आणि तेवढ्या वेळात होतं.

न्यूजर्सीहून परत

सहा वर्षं तिकडे होतो, मुलगा तिथल्या किंडरगार्टनमध्ये गेला, आता दादरला. दोन्ही बघितलंय म्हणून लिहितो.

तिथे ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बाई रोज मुलांना बाहेर नेत. प्रत्येकानं एक पान उचलायचं, कागदाखाली ठेवायचं, वरून खडू आडवा घासायचा, मग पानाच्या शिरा उमटत. सफरचंदाच्या तीन जाती कापून चाखायच्या, कुठली आवडली त्या रांगेत उभं राहायचं, कुठली रांग लांब ते मोजायचं. भोपळा पाण्यात टाकण्याआधी विचारायचं, बुडेल की तरंगेल? सगळी मुलं म्हणाली बुडेल, कारण तो उचलवत नव्हता. तो तरंगला. तेव्हाचा मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यातला मेपल आपण इथे आणला, पण ज्यामुळे ते शिकणं होतं ती बाहेर जायची सवय तिथेच राहिली. त्यांच्या दारात मेपल आहे म्हणून ते मेपल शिकवतात. त्याच न्यायानं आपल्या दारात जे आहे ते आपण घ्यायला हवं. बाई म्हणतात ते कात्रीचं कौशल्य मला मान्य आहे, पण पपईच्या पानालाही कोन असतातच, मेपलपेक्षा जास्तच.

वाचनवेडी

पूर्ण असहमत. बर्फ न पाहिलेल्या मुलानं बर्फाची गोष्ट ऐकू नये का? मी विदर्भातल्या एका गावात वाढले. समुद्र बघितला तो कॉलेजात असताना. पण समुद्राच्या गोष्टी मी सहाव्या वर्षापासून ऐकल्या आणि त्यामुळे माझं काही बिघडलं नाही, उलट मुंबईत आल्यावर पहिल्या दिवशी मी चौपाटीवर गेले. दूरचं जग मुलांपर्यंत पोचतं ते असंच, चित्रांतून. मुंबईची मुलं उद्या कुठेही जातील. 'आपलं तेवढंच शिकवा' म्हटलं की वर्ग लहान होतो, मूलही लहान राहतं.

खिडकीशेजारची

@वाचनवेडी, गोष्ट जरूर सांगावी. "एका दूरच्या देशात ऑक्टोबर आला की झाडं लाल होतात" असं सांगितलं असतं तर लेकीनं डोळे मोठे करून ऐकलं असतं. वर्कशीटवर दूरच्या देशाचा उल्लेखच नाही, तिथे फक्त 'झाड' लिहिलंय. तुम्हाला समुद्राची गोष्ट सांगताना कुणी तुमच्या विहिरीला चूक ठरवलं नव्हतं.

झाडांचा मास्तर

वनस्पतिशास्त्र शिकवतो, थोडी भर घालतो, कारण "आपलं झाड चुकलं का" याचं खरं उत्तर मुलीला मिळायला हवं.

पान हिरवं असतं हरितद्रव्यामुळे. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. थंड प्रदेशात दिवस झपाट्यानं लहान होतात, गारठा येतो, झाड हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं परत खोडाकडे ओढून घेतं, आणि खालचा पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच सुमारास नव्यानं तयार होतो. न्यूयॉर्कला सगळ्यात मोठा दिवस पंधरा तासांचा आणि सगळ्यात लहान सव्वानऊचा. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि अकरा. झाडाला घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आपल्याकडे पानगळ मुख्यतः कोरडेपणामुळे होते. पावसाळा संपून तीन-चार महिने झाले, जमिनीतलं पाणी आटलं, की पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानं टाकतं. म्हणून पिंपळ मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास रिकामा होतो आणि लगेच तांबूस कोवळ्या पालवीनं भरतो. काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात. बदामाची तर पडण्याआधी पानं लालभडक होतात, मेपलला हेवा वाटावा अशी. एखाददुसरं लाल पान वर्षभर सापडतं, पण झाड रिकामं होतं ते थंडी सरताना.

म्हणजे मुंबईत पानगळ आहे. वर्कशीट चार महिने आधी आलंय, एवढंच.

कांदिवलीकर

मग ऑक्टोबरमध्ये काय, 'शरद ऋतू'? मास्तरांनी पानगळीचं सांगितलं ते पटलं, पण आता लोक इथे सहा ऋतूंचा तक्ता घेऊन येतील म्हणून आधीच बोलतो. मुंबईत हेमंत कुणी पाहिलाय? शिशिर? आमच्या पिढीनं आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत असं पाठ केलं, आणि खिडकीबाहेर तेव्हाही उकाडाच होता. मेपलच्या जागी शरदाचं चांदणं पाठ करायला लावलं तर फरक काय पडला? कोजागरीला मुंबईत निम्म्या वेळा ढग असतात आणि उरलेल्या वेळी समोरच्या टॉवरमागे चंद्र. मुलांना पाऊस, उकाडा आणि जानेवारीतले चार गार दिवस एवढं खरं-खरं शिकवा.

प्राजक्ताखाली

@कांदिवलीकर, तक्ता नको, पटलं. पण ऑक्टोबरमध्ये 'फक्त उकाडा' असं म्हणू नका. मी पार्ल्यात एक छोटी बालवाडी चालवते, मुलं अठरा. आमच्या याच महिन्याचं सांगते.

सकाळी गेटाशी प्राजक्ताचा सडा असतो. मुलं फुलं ओंजळीत आणतात, पाकळ्या एकीकडे, नारिंगी देठ दुसरीकडे. देठ कोमट पाण्यात चुरले की पाणी केशरी होतं, त्यात बोटं बुडवून कागदावर ठसे. नारिंगी रंगच हवा होता ना? हा घ्या, झाडाचाच. सातवीण याच दिवसांत फुलते. संध्याकाळी वास इतका दाट असतो की काहींना त्रास होतो, पण मुलं डोळे मिटून "हे ते झाड" सांगतात. त्याच्या एका देठाला पानं किती? बहुतेक वेळा सात, कधी सहा, कधी आठ. 'सात' शिकवायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही, कारण मुलं वाद घालत मोजतात.

आणि चतुर. पाऊस ओसरला की मैदानावर चतुरांचे थवे येतात. त्यातली एक पिवळट जात या दिवसांत भारतातून समुद्रावरून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जाते. मुलांना मी हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, "डबा नेत नाही का?" आम्ही त्यावर आठवडाभर बोलत होतो.

लाल भोपळा तर आपलाच आहे. लेकीकडून भोपळ्यात बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायची, भोपळा वाण्याच्या काट्यावर तोलायचा, बिया धुऊन उन्हात वाळवायच्या (ऑक्टोबरचं ऊन तिथे कामाला येतं), आणि शेवटी घारगे.

मरोळची

सगळं छान चाललंय, पण एक काळजी बोलून दाखवते. 'आपला ऋतू' म्हटलं की शाळा लगेच भोंडला, दसरा, किल्ला, कोजागरी याकडे वळते. मला ते सगळं आवडतं. पण माझ्या मुलाच्या वर्गात निम्मी मुलं वेगवेगळ्या घरांतली आहेत. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना एखाद्या मुलाला वाटू नये की हा ऋतू आपला नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमचा आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. वेसाव्याला, मढला याच दिवसांत बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळायला लागतात. मुंबईच्या शरदात हेही आहे. सण आणायचा तर सगळ्यांचा आणा, नाहीतर झाड, ऊन आणि धान्यापासून सुरुवात करा. भाताची लोंबी हातात घेतली की कुणाचं घर वेगळं राहत नाही.

मोठाशिशूच्या बाई

मरोळच्या ताईंशी शंभर टक्के सहमत.

प्राजक्ताखाली, तुमचं वाचून मला हेवा वाटला, खरंच. पण तुमची अठरा मुलं आहेत आणि गेटाशी प्राजक्त आहे. माझ्याकडे तीस आणि गेटाशी पार्किंग. वरून पालक दर शुक्रवारी ग्रुपवर फोटो मागतात. वाळवलेल्या बियांचा फोटो टाकला तर "आज क्राफ्ट नाही झालं का?" असा मेसेज येतो. मेपलचं पान टाकलं तर बारा हार्ट. कागदी ऑटम टिकून राहतो त्यात आमचा वाटा आहे, तसाच तुमचाही.

झाडांचा मास्तर

बाईंचा मुद्दा खरा आहे. एक आठवण करून देतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती हीच साधनं केली. गुरांमागे जाणारी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. बोर्डी मुंबईहून काही तासांवर आहे. बाहेर जाता येत नसेल तर बाहेरचं आत आणता येतं. तीस मुलांनी घरून येताना प्रत्येकी एक पडलेलं पान आणलं तर टेबलावर तीस पानं. मात्र तोडून नको. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात ते दरवर्षी बघवत नाही.

वाचनवेडी

माझं मत बदललेलं नाही, मेपल राहावा. पण तीस पानांच्या टेबलावर एक मेपलचं चित्र ठेवा आणि सांगा की हे दूरून आलंय. मला तेवढं पुरे आहे.

मोठाशिशूच्या बाई

सोमवारी पडलेलं पान आणायला सांगते. फोटोही टाकेन, हार्ट येवोत न येवोत. पण छापील वर्कशीट मला करून घ्यावंच लागेल, ते माझ्या हातात नाही. रंग मात्र मुलांना हवा तो भरू देईन.

खिडकीशेजारची

बाई, मनापासून आभार. लेकीच्या टीचरना मी काल भेटले. त्यांनी वही मागून घेतली आणि हिरव्या झाडाखाली 'माझ्या खिडकीतलं झाड' असं लिहून दिलं. स्टार दिला नाही, लेकीनं मागितलाही नाही.

मास्तरांचं उत्तर तिला सांगितलं, की झाड चुकलेलं नाही, त्याची वेळ यायची आहे. तिनं विचारलं किती दिवस. काल संध्याकाळी आम्ही खाली जाऊन बदामाच्या बुंध्याला जुन्या परकराची लाल नाडी सैल बांधून आलो, कारण सोसायटीत चार बदाम आहेत आणि तिला भीती वाटत होती की तोवर आपला कुठला ते विसरायला होईल. खाली एक लाल पान पडलेलं मिळालं, ते वहीत त्याच पानावर चिकटवलंय.

फेब्रुवारीत झाड रिकामं झालं की धागा वर काढते.