मुरगळलेला घोटा दुखायचा थांबला. धावायला केव्हा सुरुवात करावी?

प्रश्न :
नमस्कार. काही आठवड्यांपूर्वी धावताना उजवे पाऊल आतल्या बाजूला वळून माझा घोटा मुरगळला. बाहेरच्या अंगाला लगेच सूज आली आणि दुसऱ्या दिवशी घोट्याखालची जागा काळीनिळी पडली. हाड मोडलेले नसून अस्थिबंध काही प्रमाणात फाटला आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. आता सूज जवळपास उतरली आहे आणि सपाट जागेवर चालताना दुखत नाही. परंतु जिना उतरताना घोटा आखडतो आणि खडबडीत जमिनीवर पाय पडला की तो पुन्हा वळेल अशी धास्ती वाटते. दुखत नाही म्हणजे बरा झाला असे समजून धावणे सुरू करावे, की आणखी विश्रांती घ्यावी?

प्रतिसाद १ :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या वर्णनावरून विश्रांतीचा काळ संपलेला दिसतो, पण धावण्याआधी बरेच काम बाकी आहे. वेदना आणि सूज सर्वांत आधी ओसरतात. अस्थिबंधाच्या तंतूंना पूर्वीची ताकद यायला मात्र कित्येक महिने लागू शकतात. शिवाय पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारी चेतातंतूंची टोके याच अस्थिबंधांत असतात आणि दुखापतीत त्यांनाही इजा पोहोचते. त्यामुळे पाऊल वळू लागताच त्याला सावरणारे, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. आपल्याला वाटणारी धास्ती म्हणूनच नुसती मनाची समजू नये.

जिना उतरताना घोटा आखडतो, कारण नडगी पावलावर पुरेशी पुढे झुकत नाही. भिंतीसमोर एक पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहा आणि पाऊल जास्तीत जास्त किती मागे नेता येते, ते दोन्ही पायांचे मोजा. फरक आढळल्यास हीच कृती रोजचा व्यायाम म्हणून करावी. त्याच्या जोडीला आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर टाचा उचलाव्यात, तसेच रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूस ओढावे आणि तितक्याच सावकाश परत आणावे.

सर्वाधिक वेळ मात्र तोल सांभाळण्याच्या व्यायामाला द्यावा, कारण बहुतेक जण नेमका तोच सोडून देतात. अनवाणी एका पायावर उभे राहिल्यावर अंगठ्याखालचा उंचवटा जमिनीवरून सुटतो का आणि पाऊल बाहेरच्या कडेवर कलते का, याकडे लक्ष ठेवावे. ते स्थिर राहू लागले की डोळे मिटून, नंतर उशीवर आणि शेवटी कोणी फेकलेला चेंडू झेलत उभे राहावे.

अर्धा तास झपझप चालूनही दुखत नसेल, एका पायावर टाच उचलणे चांगल्या पायाइतके जमत असेल आणि एका पायावर जागच्या जागी उड्या मारताना घोटा डगमगत नसेल, तर सपाट जागी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे दिवसाआड सुरू करता येईल. त्या वेळी काय वाटले यापेक्षा दुसऱ्या सकाळी घोटा सुजला किंवा आखडला आहे का, यावरून पुढचे ठरवावे. वेगाने वळणे आणि उंचसखल वाट सर्वांत शेवटी.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या डॉक्टरांनी रूढ केले. पण बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला विलंब लागू शकतो, असे पुढे त्यांनी स्वतःच लिहिले. तरीही अनेक जण आठवडेच्या आठवडे पाय हलवत नाहीत, याचे फार वाईट वाटते. धावायला लागल्यावर काही महिने घोट्याला आधार देणारा पट्टा जरूर वापरावा, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका त्याने कमी होतो. व्यायामाची जागा मात्र पट्टा घेऊ शकत नाही.

प्रतिसाद ३ :
हा धागा वाचून कोणी स्वतःच्या ताज्या दुखापतीचा निर्णय घेणार असेल, तर त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. कॅनडातील ओटावा येथे १९९० च्या दशकात तयार झालेल्या नियमांचा आधार डॉक्टर आजही घेतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचे टोक किंवा मागची कड दाबल्यावर दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचे हाड किंवा आतल्या बाजूला कमानीवरचे हाड दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्यावा. दुखणे घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असल्यास ती निराळी इजा असू शकते आणि ती भरून यायला अधिक काळ लागतो. आठवडे उलटूनही सांधा अडकत असेल किंवा आत खोलवर दुखत असेल, तर पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. भिंतीजवळ मोजून पाहिले, तर उजवा घोटा स्पष्टपणे कमी वाकतो आणि डोळे मिटून त्या पायावर उभे राहताच पाऊल बाहेरच्या कडेवर जाते. तोपर्यंत दम टिकवण्यासाठी सायकल चालवली तर चालेल का?

प्रतिसाद १ :
अवश्य चालवावी; सायकलवर घोटा आडवा वळत नाही आणि त्याला हालचालही मिळते. सुरुवातीला एका जागी बसवलेली सायकल बरी, कारण रस्त्यावर अचानक थांबताना सगळा भार त्याच पायावर येऊ शकतो. पोहणेही उत्तम आहे; फक्त बेडकासारखे पाय मारण्याचा प्रकार सध्या टाळावा, कारण त्यात पाऊल बाहेर वळवून पाण्याला जोर लावावा लागतो.