चॉकलेट-हेझलनट स्प्रेड: पाम तेलाची भीती किती खरी, आणि लेबलवर नेमकं काय बघायचं?

धरमपेठची_आई
मुलं 6 आणि 11 वर्षांची. दोघांनाही डब्यात पोळीला चॉकलेट स्प्रेड लावून हवं असतं. फॅमिली ग्रुपवर "पाम तेलाने कॅन्सर होतो" हा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या दुकानात तीन बाटल्या बघितल्या. एकीवर साखर, पाम तेल, हेझलनट 13% असं लिहिलंय. दुसरीवर रिफाइंड पामोलिन (पाम तेलाचाच पातळ भाग), इमल्सिफायर 322 आणि 476, अँटिऑक्सिडंट 319. तिसरीवर समोर मोठ्या अक्षरात "पाम तेल नाही", मागे मात्र हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट.
यातली कोणती घ्यावी? आकड्यांना घाबरायचं का? घरी मिक्सरमध्ये करायचं तर तेल कोणतं, फल्लीचं (शेंगदाण्याचं) की खोबरेल? आणि मे महिन्यात बाटलीत वर तेल तरंगतं, ते खराब झालं समजायचं का?

घाणी_ते_रिफायनरी
कॅन्सरचं आधी घेतो. मेसेजला आधार आहे, पण तो अर्धाच पुढे येतो.

पामच्या फळात तेल असतं आणि चरबी फोडणारं विकरही असतं. फळ तोडताना चेंगरलं किंवा गिरणीत उशिरा पोचलं की तेलातली फॅटी अ‍ॅसिड सुटी होतात, डायग्लिसराइड (अर्धवट फुटलेली चरबी) वाढतात. मग रिफायनरीत वास काढण्यासाठी हे तेल 200 अंशांच्या वर तापवतात. त्या उष्णतेत दोन नको असलेली संयुगं तयार होतात: ग्लिसिडिल एस्टर आणि 3-एमसीपीडी. पहिल्यातून पोटात ग्लिसिडॉल सुटतं. त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने "बहुधा कर्करोगकारक" गटात (2ए) टाकलंय. 3-एमसीपीडी त्याखालच्या 2बी गटात आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा अहवाल मे 2016 मध्ये आला आणि तिथूनच हा गवगवा सुरू झाला. त्याच अहवालात हेही होतं की 2010 ते 2015 या काळात पाम तेलातलं ग्लिसिडिल एस्टरचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, कारण कारखान्यांनी तापमान आणि फळाची हाताळणी सुधारली. ही ओळ मेसेजमध्ये कधीच येत नाही.

आणि ही संयुगं फक्त पाममध्ये नसतात. सोयाबीन, सूर्यफूल, मका, जे जे तेल रिफाइंड त्यात ती थोडीफार असतातच. पाममध्ये जास्त, इतकंच. युरोपने 2018 मध्ये तेलातल्या ग्लिसिडिल एस्टरला किलोमागे 1000 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. 2021 पासून 3-एमसीपीडीलाही घातली, पामसाठी 2500 आणि सोयाबीन-सूर्यफुलासारख्या तेलांसाठी 1250.

आता ताई, तुमच्या पहिल्या बाटलीचा हिशोब. अशा स्प्रेडमध्ये 100 ग्रॅममागे फॅट साधारण 31 ग्रॅम. हेझलनट 13%, त्यात तेल साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 8 ग्रॅम तिकडून आले. कोकोतून एखादा ग्रॅम. उरले 22 ग्रॅम, तेच पाम तेल. 15 ग्रॅम स्प्रेडमध्ये 3.3 ग्रॅम. तेल युरोपच्या मर्यादेला अगदी टेकलेलं धरलं तरी त्यातून 3-एमसीपीडी साधारण 8 मायक्रोग्रॅम जाईल. त्याच युरोपीय प्राधिकरणाने 2018 मध्ये सुधारलेल्या प्रमाणानुसार 20 किलोच्या मुलाला दिवसाला 40 पर्यंत चालतं. ग्लिसिडॉलला अशी "इतकं चालेल" मर्यादा नाही, कारण ते थेट जनुकांवर काम करतं. तिथे जितकं कमी तितकं बरं, एवढाच नियम.

इतवारीकर
3.3 ग्रॅम पाम तेलाची एवढी चर्चा राजेहो, आणि सकाळी तर्री-पोह्यावर टाकलेली शेव? संध्याकाळचा समोसा? 100 ग्रॅम तळलेल्या फरसाणात 30-35 ग्रॅम तेल सहज असतं, आणि पाकिटावर बघाल तर बहुतेक वेळा पामोलिनच. बिस्किटांतही तेच. पाम कमी करायचं असेल तर फरसाणाच्या डब्यापासून सुरू करा, बाटलीपासून नाही.

पोषण_खातं
वरचं अगदी बरोबर. तेलाच्या भांडणात पहिल्या क्रमांकाची गोष्ट सुटते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि अशा बाटल्यांवर पहिला शब्द बहुतेक वेळा हाच असतो: साखर.

पहिल्या प्रकारच्या बाटलीत 100 ग्रॅममागे एकूण साखर 56 ग्रॅम. त्यातले चारेक ग्रॅम दूध पावडरीतलं लॅक्टोज, बाकी वरून घातलेली. आपल्याकडच्या लेबलवर "टोटल शुगर" आणि "अ‍ॅडेड शुगर" अशा दोन ओळी असतात, तुम्ही दुसरी बघा. 15 ग्रॅम सर्व्हिंगमध्ये साखर 8.4 ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे. पण डब्यातल्या पोळीला 15 ग्रॅम कोणी लावत नाही. किचन काट्यावर पोळी ठेवा, काटा शून्य करा, नेहमीसारखं लावा आणि बघा. गुंडाळी करायची तर 25-30 ग्रॅम जातंच.

6 वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण 1360 किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, साखर 10 टक्क्यांच्या आत, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे 17 ग्रॅम. एका गुंडाळीत दिवसाची साखर संपली, बोर्नव्हिटा-बिस्किटं अजून बाकीच आहेत. लेबलवरचे दिवसाच्या गरजेचे टक्के (आरडीए) 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाचे असतात, साखर 50 ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट 22 ग्रॅम धरून. मुलासाठी ते टक्के मनातल्या मनात दीडपट करून वाचा.

सॅच्युरेटेड फॅट 15 ग्रॅममध्ये 1.6 ग्रॅम येतं. एकट्याने ते काही फार नाही. घरात तूप, चीज, फरसाण सगळंच रोज असेल तर मात्र बेरीज वाढते.

धाकट्याला आठवड्यातून दोनदा, मोजून 15 ग्रॅम. मोठ्याला 20. डब्यात एवढ्याने कोणाचं बिघडत नाही.

घाणी_ते_रिफायनरी
आता तुमच्या तीन बाटल्या.

पाम वापरतात ते स्वस्त म्हणून, पण तेवढंच कारण नाही. पाम तेलात सॅच्युरेटेड आणि अनसॅच्युरेटेड जवळपास निम्मंनिम्मं असतं, त्यामुळे ते हायड्रोजन न घालताच अर्धवट घट्ट राहतं, त्याचे स्फटिक बारीक बनतात आणि पोत जिभेवर गुळगुळीत लागतो. चवही नाही, लवकर खवटतही नाही. पाम काढलं की कारखान्याला घट्टपणा दुसरीकडून आणावा लागतो. म्हणूनच तिसऱ्या बाटलीवर हायड्रोजनेटेड, म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं, फॅट आहे. अर्धवट हायड्रोजनेशनमध्ये ट्रान्स फॅट तयार होतं आणि हृदयाला ते पामपेक्षा वाईट. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेल-चरबीत ट्रान्स फॅटला 2% ची मर्यादा आहे, तेव्हा नियम पाळणाऱ्या मालात ते फार नसावं. तरीही समोरचं "पाम तेल नाही" सोडा, मागच्या तक्त्यातल्या दोन ओळी वाचा: सॅच्युरेटेड आणि ट्रान्स. सॅच्युरेटेड पहिल्या बाटलीइतकं किंवा जास्त असेल तर तुम्हाला फक्त वेगळं नाव मिळालं. "पाम कर्नेल" दिसलं तर ते पाम तेल नव्हे, बियांतलं तेल. त्यात सॅच्युरेटेड 80 टक्क्यांच्या आसपास.

322 म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारं लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. सोयाची अ‍ॅलर्जी असली तरच विचार करायचा. 476 एरंडेलापासून बनतं, मिश्रण पातळ ठेवतं, म्हणजे महाग कोको बटर किंवा तेल कमी घालून भागतं. अपायकारक नाही, पण कंपनी काटकसर करतेय हे कळतं. 319 म्हणजे टीबीएचक्यू, तेल खवट होऊ नये म्हणून. तेलाच्या किलोमागे 200 मिलीग्रॅमपर्यंत परवानगी आहे. पर्याय असेल तर 319 नसलेली घ्या, नसेल तर झोप उडवायचं कारण नाही.

तिघींतून निवडायची तर पहिली. कारण तेल नाही, हेझलनटचा टक्का आहे. टक्का लिहिलाच नसेल तर बाटलीत हेझलनटपेक्षा त्याचा वास जास्त आहे असं समजा.

मिक्सर_मास्तर
घरच्या स्प्रेडबद्दल. प्रमाण: हेझलनट 200 ग्रॅम, साखर 80 ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर 25, स्किम्ड दूध पावडर 30, तेल 15 ग्रॅम, चिमूटभर मीठ.

हेझलनट इतवारीत सुटे मिळतात, पण घेताना एक फोडून बघा. आत हस्तिदंती पांढरा हवा. पिवळसर तेलकट दिसला किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तो खवट आहे. बुरशीचा एकही दाणा नको, बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) भाजून पूर्ण जात नाही. ओव्हनमध्ये 160 अंशांवर 12 ते 15 मिनिटं, किंवा कढईत मंद आचेवर सतत हलवत. साल तडकली की जाड टॉवेलमध्ये गुंडाळून चोळा. थोडी साल राहिली तर राहू द्या, सगळी राहिली तर स्प्रेड तुरट लागतो.

साखर आधी कोरड्या भांड्यात दळून घ्या. विकतच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, मग स्प्रेड पिठूळ लागतो. हेझलनट कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घाला, गार झाले की तेल उशिरा सुटतं. आधी पूड होईल, मग गोळा होऊन भिंतीला चिकटेल. इथेच बहुतेकजण घाबरून दूध किंवा पाणी घालतात आणि सगळं वाया जातं! पाण्याचा थेंब पडला की साखर-कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि मिश्रण सिमेंटसारखं आवळतं, शिवाय पाणी असलेला स्प्रेड टिकत नाही. काही घालू नका. 40 सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा. पाच ते आठ मिनिटांत ते आपोआप वाहायला लागतं. भांडं हाताला सोसवेना इतकं तापलं तर दहा मिनिटं थांबा. मिक्सर बंदच पडला तर जळाला नाही, ओव्हरलोड स्विच उडालाय. वीस मिनिटांनी खालचं लाल बटण दाबा.

पेस्ट वाहती झाल्यावरच चाळलेली कोको, साखर, दूध पावडर, मीठ आणि शेवटी तेल. व्हॅनिला इसेन्स दोन-तीन थेंबांवर घालू नका, त्यातही पाणी-अल्कोहोल असतं.

वरच्या हिशोबाने घातलेली साखर 100 ग्रॅममागे 23 ग्रॅमच्या आसपास येते, सॅच्युरेटेड साधारण 4. पण उष्मांक बाजारच्याइतकेच, कारण हेझलनट म्हणजे तेलच. "घरचं आहे" म्हणून दुप्पट लावाल तर काही हाती लागणार नाही.

धरमपेठची_आई
खूप आभार. साखरेऐवजी गूळ किंवा खजूर चालेल? आणि हेझलनट महाग पडतात, फल्लीदाणे निम्मे घातले तर?

मिक्सर_मास्तर
गूळ, मध, खजूर तिन्हींत ओल असते, म्हणून मिश्रण आवळतं. खजुराचं करायचंच असेल तर ते वेगळं प्रकरण समजा: फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. कोरडी गूळ पावडर चालते, पण रवाळ लागेल. आणि साखरेच्या बाबतीत गूळही साखरच, हे पोषणवाले सांगतीलच.

फल्लीदाणे निम्मे उत्तम. सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाका, भाजून साल काढा. चव फल्लीकडे झुकते, म्हणून कोको 5 ग्रॅम वाढवा. शाळेने डब्यात दाणे आणायला बंदी केली असेल तर दोन्ही प्रकार घरीच.

इतवारीकर
तेल खोबरेल घाला ताई, आरोग्याला चांगलं.

पोषण_खातं
भाऊ, खोबरेलात सॅच्युरेटेड 90 टक्क्यांजवळ आहे. पामच्या भीतीने खोबरेल म्हणजे आगीतून फुफाट्यात. घट्टपणासाठी 15 पैकी 10 ग्रॅम घातलं तर हरकत नाही, कारण मुळात प्रमाणच कमी आहे. पण "चांगलं" म्हणून नको. रोजच्यासाठी घाण्याचं फल्ली तेल घ्या. ते न रिफाइंड केलेलं असल्याने वरच्या त्या दोन संयुगांचाही प्रश्न येत नाही. वास उग्र असतो, 15 ग्रॅममध्ये फार जाणवत नाही. जवसाचं तेल मात्र नको, उन्हाळ्यात आठवड्यात खवटतं.

घाणी_ते_रिफायनरी
वर तेल तरंगण्याचं राहिलं. पाम तेल 33 ते 39 अंशांच्या दरम्यान वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45, बंद स्वयंपाकघर चाळिशीला. मग तेल सुटणारच. कोरड्या चमच्याने ढवळा आणि वापरा. तेच तेच वितळून गोठलं की स्फटिक मोठे होतात, रवाळ लागतं, पांढरट डाग दिसतात. हे दिसायला वाईट, खायला नाही. खवट वास किंवा बुरशी दिसली तरच फेका.

बाजारची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर दगड होते आणि पोळी फाटते, त्यापेक्षा घरातल्या सगळ्यात गार खोलीतल्या बंद कपाटात ठेवा. पण ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथे उघडी ठेवू नका, हवेतली ओल आत जाते. घरचा स्प्रेड मात्र उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, छोट्या कोरड्या बरण्यांत, तीन-चार आठवडे. डबा भरायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा.