मदत हवी आहे: स्कॉलरशिपचे पैसे घरी खर्च झाले, आता कॉलेज परीक्षेचा फॉर्म घेत नाही (नागपूर, एम.एस्सी.)

धानाचंशेत:

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

मी नागपूरला एका सरकारी कॉलेजात एम.एस्सी. केमिस्ट्री करते, तिसरं सेमिस्टर. गाव ब्रह्मपुरीजवळ. घरी अडीच एकर धान आहे, बाबा हंगामात राइस मिलवर जातात. आम्ही एससी. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या बराच खाली, म्हणून भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप मिळते. गेल्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी माझ्याकडून फक्त १,१४० रुपये घेतले, आयकार्डाचे, लायब्ररी डिपॉझिटचे आणि असेच काही. पावतीच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘स्कॉ.’ एवढं लिहून दिलं. मला वाटलं, आपला विषय संपला. बी.एस्सी.ला फीच इतकी कमी होती की कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी परीक्षेचा फॉर्म घेऊन खिडकीवर गेले. तिथल्या बाबूंनी तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, “तुझे ७,३८० आलेत जुलैमध्ये. ते भर, मग फॉर्म पुढे जाईल.” मी म्हटलं, सर, माझ्या खात्यात एक रुपया आला नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. रक्कम बरोबर, नाव माझं, आणि बँक ब्रह्मपुरीची. मी अर्जात नागपूरचं खातं दिलं होतं!

संध्याकाळी घरी फोन लावला. ते खातं मी आठवीत असताना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसाठी शाळेने उघडून दिलं होतं, आईसोबत जॉइंट. पासबुक आईच्या ट्रंकेत, मेसेज जातो तो नंबर कधीच बंद झालेला. जुलैमध्ये आई एन्ट्री मारायला गेली तर पैसे दिसले. तेव्हा धानाची रोवणी (लावणी) सुरू होती आणि बायांची मजुरी द्यायची होती. तिने ७,००० काढले. मी विचारलं तर म्हणाली, “तुले सांगनारच होती, पन तेवा तुझे पेपर सुरू होते ना.” यावर मी काय बोलणार?

फॉर्मची शेवटची तारीख आजपासून नऊ दिवसांनी आहे. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघेल, विकून हातात पैसे यायला त्याहून उशीर. माझ्याकडे या घडीला १,९०० आहेत, त्यात डब्याचे द्यायचे आहेत.

मला एवढंच कळायला हवं आहे की कॉलेज असा फॉर्म अडवू शकतं का, आणि हप्ते मागता येतात का. आणि स्कॉलरशिप माझी असेल तर ती कॉलेजात भरायची कशाला, हेही कोणी समजावून सांगा. मैत्रिणी म्हणतात भरू नको. बाबू म्हणतात भर. कोणाचं ऐकू?

उमरेडरोड:

आईने न विचारता पैसे काढायला नको होते. शिक्षणाच्या पैशाला हात लावला की असंच होतं.

धानाचंशेत:

दादा, रोवणी आठ दिवस लांबली तर काय होतं ते तुम्हाला माहीत असेल तर माहीत आहे. आईबद्दल नका बोलू. फॉर्मबद्दल काही सांगता आलं तर सांगा.

निवृत्तबाबू:

पोरी, आधी घाबरणं थांबव. मी एका कॉलेजात बावीस वर्षं स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं आहे, खर्रा मात्र खात नव्हतो.

ही भानगड कशी झाली ते समजून घे. आधी सरकार फीचे पैसे कॉलेजला द्यायचं आणि निर्वाह भत्ता पोरांना. मग केंद्राने एससीच्या पोस्ट मॅट्रिकचा ढाचा बदलला. खर्चात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असं ठरलं, आणि २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात यायला लागला. भत्ताही त्यातच, फीसुद्धा त्यातच. फीचा भाग विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजात नेऊन भरायचा. कागदावर छान दिसतं. गावात त्या खात्याचं पासबुक कोणाच्या ट्रंकेत असतं, हे दिल्लीत बसून कोणाला दिसणार?

म्हणजे मैत्रिणी चुकतात. फीचा भाग कॉलेजचाच आहे, तो भरावा लागेल. पण तुझा बाबूही चुकतो आहे, आणि हा मुद्दा नीट वाच. ७,३८० ही पूर्ण रक्कम फी असूच शकत नाही. त्यात तुझा निर्वाह भत्ता मिसळलेला आहे. तो तुझा आहे, कॉलेजचा त्यावर एका पैशाचा हक्क नाही.

महाडीबीटीवर, म्हणजे तू स्कॉलरशिपचा अर्ज भरलास त्या सरकारी पोर्टलवर, लॉगिन कर, तू केलेल्या अर्जाच्या तपशिलात जा. मंजूर रकमेची फोड दिसते, फी किती आणि भत्ता किती. त्याचा प्रिंट काढ. तो हातात असल्याशिवाय खिडकीवर जाऊ नकोस.

आणि राहिलेले ४० टक्के राज्याकडून यायचे असतात. ते उशिरा आले तर तो कॉलेज आणि सरकारमधला हिशेब. ते तुझ्याकडून मागितले तर लेखी माग म्हणावं. लेखी म्हटलं की अर्ध्या मागण्या तिथेच विरतात.

पांढराबोडी_रूम_नं_४:

काकांनी सगळं सांगितलंच. माझ्याकडून एक, कारण मी याच खड्ड्यात पडून बाहेर आलोय बे.

अर्जात कोणतं खातं लिहिलं याला डीबीटीत (सरकारी पैसा थेट खात्यात येतो त्या पद्धतीत) काही अर्थ नाही. पैसा तिथेच जातो जिथे तुझं आधार मॅप आहे. बँकेत ‘आधार लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी मॅप असणं वेगळं. एका माणसाची दहा खाती आधारला लिंक असू शकतात, पण मॅप एकच राहते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघ, लगेच कळते कोणत्या बँकेत आहे. मग नागपूरच्या बँकेत जाऊन मॅपिंग इकडे वळवायचा फॉर्म भर. मी सीताबर्डीच्या शाखेत भरला होता, तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा सर्व्हर डाऊन, दुसऱ्यांदा मॅडम जेवायला गेल्या होत्या, तिसऱ्यांदा झालं.

हे आत्ताच कर. नाहीतर यावर्षीचे पैसेही त्याच ट्रंकेत जातील, आणि तेव्हा रोवणी नसली तरी कापणी असेल.

तर्रीकमीपोहाजास्त:

यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात समिती हवी, वर विद्यापीठ पातळीवर लोकपाल. सरळ तक्रार टाका. हक्काने भांडा, गयावया कशाला?

निवृत्तबाबू:

नियम आहेत, बरोबर. पण समितीला अहवाल द्यायला १५ कामाचे दिवस आहेत आणि लोकपालांना ३०. पोरीच्या हातात नऊ आहेत, त्यातही रविवार आणि दसरा. तक्रार करायचीच असेल तर फॉर्म भरून झाल्यावर कर. आज भांडणात जिंकून परीक्षेला मुकलं तर त्या जिंकण्याचं काय लोणचं घालायचं?

आज काय करायचं ते सांगतो. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिही. भाषा नम्र, पण आकडे पक्के. रक्कम जुन्या खात्यात गेली, मला कळलं नाही, कळल्यावर लगेच आले. फीचा हिस्सा एवढा आहे, त्यातले आज इतके भरते, उरलेले अमुक तारखेपर्यंत भरीन, फॉर्म पुढे पाठवावा. खिडकीवर देऊ नको. आवक-जावक विभागात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घे. खिडकीवरचा माणूस निर्णय घेत नाही, तो फक्त नाही म्हणतो. हप्त्याचा निर्णय कार्यालय अधीक्षक किंवा प्राचार्यच घेतात.

त्यांनीही ऐकलं नाही तर दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणच्या कार्यालयात अर्जाची प्रत घेऊन जा. स्कॉलरशिपच्या पैशावरून परीक्षा अडवू नका, असं ते कॉलेजांना सांगत असतात. पण जायचं तर आठवड्याच्या सुरुवातीलाच. दसरा जवळ आला की त्या भागात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी सुरू होते, मग चौकातून पलीकडे जायलाच अर्धा तास.

शाईचीदौत:

ताई, तू हॉस्टेलला आहेस की रूमवर? रूमवर असशील आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल, तर बाहेर राहणाऱ्यांना खर्चासाठी पैसे मिळतात त्या स्वाधार योजनेचं बघ. नागपूरसाठी वर्षाला ६०,००० आहेत: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. तुझं गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि कोर्स दोन वर्षांचा आहे, म्हणजे अर्ज करण्यासारखा आहे. या नऊ दिवसांत त्याचा काही उपयोग नाही, पण न्याय भवनात जाशीलच तर त्याची चौकशी त्याच चकरेत करून ये. मला ही योजना एम.ए. संपायला चार महिने असताना कळली. वर्गातल्या एकीला माहीत होती, ती बोलली नाही.

गोंदियालोकल:

मी ओबीसी आहे, एम.ए. अर्थशास्त्र, माझंही असंच अडकलंय. मलाही ६० टक्के भरावे लागतील का?

निवृत्तबाबू:

तुमची योजना वेगळी, विभाग वेगळा. मी वर सांगितलं ते एससीच्या योजनेबद्दल आहे. वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर दोघांचाही गोंधळ होईल.

धानाचंशेत:

सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण पळापळ सुरू होती.

महाडीबीटीवर फोड निघाली. एकूण ७,३८०. त्यात फी ५,५८० आणि निर्वाह भत्ता १,८००. म्हणजे बाबू माझे १,८०० सुद्धा मागत होते. त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मला वाटतं त्यांनी खालची ओळ उघडून बघितलीच नसेल, वरचा मोठा आकडा वाचला आणि सांगून टाकला.

प्रिंट घेऊन आधी खिडकीवरच गेले (काका, रागावू नका, मला वाटलं निदान सांगून तर बघू). ते म्हणाले, “हे मला दाखवू नको, आमच्याकडे सगळ्यांचं असंच घेतात.” मग आवक-जावकला अर्ज दिला, शिक्का घेतला आणि अधीक्षक मॅडमच्या केबिनबाहेर दीड तास बसले. आत गेल्यावर त्यांनी प्रिंट दोनदा वाचला. बाबूंना बोलावलं. आरडाओरडा काही नाही, फक्त विचारलं, “भत्ता कधीपासून आपण घ्यायला लागलो?” ते काही बोलले नाहीत. मॅडमनी माझ्या अर्जावरच लिहिलं: फी हिस्सा ५,५८०, आज २,०००, उर्वरित ३,५८० हमीपत्रावर, फॉर्म पुढे पाठवावा. खाली सही.

२,००० माझ्याकडे नव्हते. माझे १,५०० आणि रूममेटचे ५००. डब्याच्या काकू पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो म्हणाल्या. फॉर्म काल गेला, ऑनलाइन स्टेटस बदललेलं दिसतंय.

कळल्यावर माझ्या वर्गातल्या आणखी चौघी प्रिंट काढून मॅडमकडे गेल्या. त्यातल्या दोघींनी पूर्ण रक्कम आधीच भरून टाकली होती. त्यांना भत्त्याचे पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज द्यायला सांगितलंय.

मॅपिंगचा फॉर्म भरला, अजून जुनीच बँक दिसते आहे. न्याय भवनात सोमवारी जाते, स्वाधारचंही विचारते.

आईला फोनवर सांगितलं की त्यातले १,८०० आपलेच होते. ती म्हणाली, मग रोवणीले पाच हजारच लागले म्हनायचे. मी म्हटलं, पाच हजार दोनशे. ती हिशेबात माझ्यापेक्षा पक्की आहे, मुद्दाम चुकली असेल.

पांढराबोडी_रूम_नं_४:

भारी. मॅपिंगला दोन-तीन दिवस लागतात, नाही झालं तर परत जा, पावती सोबत ठेव. आणि यावर्षीचा रिन्यूअल अर्ज भरलास का? तो विसरलीस तर हे सगळं करून काही फायदा नाही.

धानाचंशेत:

रिन्यूअल भरला. कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग आहे, म्हणजे त्याच बाबूंकडे. 😅

गोंदियालोकल:

ताई, हमीपत्र स्टँप पेपरवर लागलं का? आमच्याकडे तेच मागत आहेत.

धानाचंशेत:

नाही, साध्या कागदावर. मॅडमनी सांगितलं ते असं: ‘मी, अमुक वर्गातील विद्यार्थिनी, लिहून देते की शिष्यवृत्तीतील फी हिश्शापैकी उर्वरित ३,५८० रुपये ३० नोव्हेंबरपर्यंत महाविद्यालयात भरीन.’ खाली माझी सही, बाबांची सही आणि फोन नंबर. बाबा गावी होते म्हणून सहीचा कागद ब्रह्मपुरी-नागपूर एसटीच्या कंडक्टरकाकांच्या हाती पाठवला, मी गणेशपेठ स्टँडवर जाऊन घेतला. तारीख टाकताना धान विकल्यानंतरची टाका, आधीची टाकू नका.