झाडीपट्टीतलं नाटक : तुमचे अनुभव येऊ द्या

धानकरी : काल वडश्याला, आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या गावी, उतरलो तर नाटक मंडळांच्या हापिसांवर नवे फलक चढत होते. दिवाळी जवळ आली म्हणायची. लगेच आमच्या गावचं मंडळ आठवलं. पोरं गावातली, नटी तेवढ्या बाहेरून. मला एकच वाक्य, तेही तिसऱ्या अंकात : "सरकार, घात झाला!" त्यासाठी पहाटेपर्यंत विंगेत मिशी चिकटवून बसायचं. डिंक वाळला की वरचा ओठ असा ओढायचा की हसायची सोय नाही. नाटकाच्या मास्तरांचा एकच धोशा, शेवटच्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. माइक असला तरी! आता शाळेत शिकवतो, आवाज तोच वापरतो. लिहा तुम्हीपण.

पाचव्यारांगेतली : दिवसा पट (बैलांची शर्यत), रात्री नाटक आणि मधे पंचवीस पाहुण्यांचा सैपाक. माझी सोयरीक नाटकाच्याच रात्री जमली. नाटक कोणतं होतं ते नवऱ्याला आठवत नाही, मटण आठवते.

तबलजी : 😂😂 वहिनी

तबलजी : मंडळात घडलो हे खरं. दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, वाजवणारा पोरगा मी, ऑर्गनवाल्या काकांनी बाजूला बसवून लय शिकवली. पण एका मंडळाने शेवटच्या नाईटींचे (प्रयोगांचे) पैसे अजून दिले नाहीत. नाव घेत नाही. कलाकार घडवतो म्हणणाऱ्यांनी हिशोबपण करावा ना जी.

कुरखेडावाली : +१. गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, आतातरी कोणी "तुमचं ते खेड्यातलं नाटक" म्हणणार नाही. पुण्यातल्या जावयाने दुसऱ्याच दिवशी म्हटलं.

बैलजोडी : 2014 ला पटावर बंदी आली तेव्हा वाटलं नाटकंपण बसतील. दिवाळीनंतरच्या मंडईने (गावच्या जत्रेने) तारलं. आता पट सुरू, त्यामुळे एकाच रात्री शेजारच्या तीन गावांत नाटक. बघायचं कोणतं?

पाचव्यारांगेतली : जिथे सासरचे नाहीत ते.

धानकरी : @तबलजी, पैशांचं खरं आहे. आमच्या मास्तरांनाही मानधन म्हणून बहुतेक वेळा तांदूळच मिळायचा.

बैलजोडी : कोणता, एचएमटी का? चांगला असेल तर यंदा कोणाकडे मिळेल सांगा, पोतंभर पाहिजे.

तबलजी : माझ्याकडे आहे, व्यनि करा. रोख हां!